राखेवरचा आंबा आणि अड्यारचं रान

चेन्नईला जायचं माझ्या मनात नव्हतं. आमच्या गावातली माणसं तिकडं जातात ती रामेश्वराच्या वाटेवर, आणि परत आली की उकाडा आणि इडली या दोनच गोष्टी सांगतात. मी रामेश्वर केलं नाही. लेकाकडं गेलो आणि एक रान बघून आलो. ज्यांना तिकडं जायचा योग नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढची सगळी हयात गवंडीकामात. लिहिण्यात कुठं वीट वाकडी लागली तर चालवून घ्या.

गेलो का, ते आधी सांगतो. गेल्या भाद्रपदात माझी बायको, आमची इंदू, गेली. आमच्याकडं हल्ली रक्षा नदीत सोडत नाहीत. नदीला पाणी नसतं, आणि असलं तर लोक नावं ठेवतात. तिसऱ्या दिवशी सावडायचं, शेतात नाहीतर परड्यात खड्डा काढायचा, रक्षा त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. आम्ही आंब्याचं कलम लावलं, घरामागच्या परड्यात.

मी गवंडी. झाड नुसतं कसं ठेवीन? भोवतीनं गोल पार बांधला. सिमेंटात विटा, बाहेरनं गिलावा, वरनं कोबा घोटून आरशासारखा केला. बुंध्यापाशी ताटाएवढी माती तेवढी उघडी ठेवली. रोज सकाळी पार झाडायचा, धुवायचा, पान पडलं की उचलून चुलीत. चुलीतली राख चाळून परत बुंध्यात. राख झाडाला चांगली हे माझं मीच ठरवलेलं. इंदूनं जन्मभर अंगण झाडलं, तिच्या जागेवर कचरा दिसला तर मला जेवण जायचं नाही.

आणि आंबा पिवळा पडायला लागला. आधी खालची पानं, मग मधली. मी जास्त पाणी घातलं, जास्त राख घातली. जास्त पिवळा पडला.

लोकांना वाटायचं, म्हातारा एका रोपासाठी एवढा जीव टाकतोय. पण ती त्या झाडात आहे अशी माझी समजूत होती. झाड वाळलं म्हणजे मला तिला दुसऱ्यांदा पोचवायला लागणार होतं. आणि माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं, हे कुणाला सांगत बसू?

पौषात लेक विलास आला आणि म्हणाला, "तात्या, चला. इथं एकटं बसून तुम्ही त्या झाडाकडं बघता आणि झाड तुमच्याकडं. दोघंही वाळाल." शेजारच्या पारूबाईला पाणी घालायला, झाडायला सांगितलं आणि निघालो. गाडीतला प्रवास सांगण्यासारखा नाही. बसलो, उतरलो.

अड्यार

विलासचं घर अड्यारला, तिसऱ्या मजल्यावर. गल्लीत झाडं भरपूर, रस्ते अरुंद, सकाळी नारळाची गाडी आणि कुठल्यातरी देवळाचा भोंगा. थंडी म्हणून जी असते ती तिथं नाहीच. पौषात पंखा लावून झोपायचं म्हणजे कसली तऱ्हा!

सून सुगुणा तिथलीच, पण मराठी. तिचे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले आणि तिकडंच राहिले. त्यांची मराठी ऐकून मला आधी वाटलं बाई पोथी वाचतेय. पहिल्या सकाळी मला म्हणाली, "मामंजी, तुम्हास कॉफी होणें का?" आमच्या गावात सासऱ्याला मामंजी म्हणणारी शेवटची बाई माझी चुलती होती. मी विलासकडं बघितलं.

"कॉफी पाहिजे का म्हणतेय," तो म्हणाला.

"कळलं मला. चहा नाही का?"

"तात्या, त्यांच्या घरी चहा मागितला तर माणूस आजारी आहे का विचारतात."

ती दोघं आपसात इंग्रजी बोलायची, भांडण झालं की ती तमिळ बोलायची. मराठी माझ्यासाठी काढायची, जपून ठेवलेलं लुगडं काढावं तशी.

तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, खालच्याच मजल्यावर. त्यांच्याकडं जेवायला बोलावलं. केळीचं पान, भाताचा ढीग, सांबार, आणि पानाच्या कोपऱ्यात पांढरंसं काहीतरी वाढलं. बोटावर घेऊन बघितलं तर उडदाचं डांगर! दह्यातलं, वर हिंग-मोहरीची फोडणी. आमच्या घरातलंच, फक्त कांद्याच्या जागी कढीपत्ता. इंदू जायच्या आदल्या आठवड्यात तिनं केलेलं. माझा घास तिथंच थांबला.

विहीणबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "आंबट झालें कां?"

"नाही. बरोबर झालंय," म्हणलं, आणि पानातलं सगळं संपवलं. त्यांनी अजून वाढलं. पोदुम, पोदुम म्हणजे पुरे, पुरे, हा पहिला तमिळ शब्द मी तिथं शिकलो. उपयोग काही झाला नाही.

दारात रांगोळी त्याही काढतात, कोलम म्हणतात. पण तांदळाच्या पिठाची. आपली दगडाच्या भुकटीची. त्यांची ती ऊन वर येईस्तवर मुंग्या येऊन खाऊन टाकायच्या. मला ते बघवेना. मी विहीणबाईंना म्हणलं, "एवढं नक्षीकाम करता आणि मुंग्या घेऊन जातात."

"त्यांच्यासाठीच तर घालतें," त्या म्हणाल्या. "मग काय माणसांनी चाटावें?"

असं सगळं चांगलं चाललेलं, पण माझा पाय एका जागी ठरेना. सकाळी गच्चीवर, मग खाली, मग गल्लीच्या टोकापर्यंत, परत वर. बाल्कनीच्या कठड्याचा गिलावा सुटलेला दिसला तो ठोकून काढला. समोरच्या घरातला माणूस येऊन तमिळमधे काहीतरी मोठ्यानं बोलून गेला. विलास म्हणाला, "तात्या, तो म्हणतोय भूकंप झाला का."

सकाळ-संध्याकाळ पारूबाईला फोन.

"झाड कसं आहे?"

"काल होतं तसंच हाय. आवं, रोज काय वाढतंय व्हय?"

"पिवळं?"

"पिवळंच की. मी काय रंग देऊ?"

सिरुसेरी

एक दिवस विलासनं मला त्याच्या कामाच्या ठिकाणी नेलं, सिरुसेरीला. गाव संपून रस्ता रुंद होतो आणि एकदम काचेचे डोंगर सुरू होतात. हजारो पोरं-पोरी गळ्यात पट्टा अडकवून चाललेली, सगळ्यांच्या हातात फोन. त्यातली कितीतरी आपल्याकडची. जेवणाच्या जागी मला कोल्हापूरचा एक आणि अकोल्याचा एक भेटला. अकोल्याचा म्हणाला, "काका, इकडे येऊन मी तिखट विसरलो." त्याला घरचा ठेचा पाठवायचं कबूल करून आलो.

मला आवडली ती तिथली स्वच्छता. रस्त्याकडेला झाडं लावलेली, आणि खाली एक पान नाही. निळ्या कपड्यातल्या बायका पान पडायचा अवकाश की उचलून पोत्यात भरत होत्या, पोती गाडीत. मी विलासला म्हणलं, "याला म्हणतात निगा." मग घरी आल्यावर सुनेलाही सांगितलं, की तुमच्या शहरात एवढं एक ठिकाण बघण्यासारखं आहे.

ती हसली. म्हणाली, "मामंजी, उद्यां माझें ठिकाण पाहायास या. तिथें कोणीच झाडत नाही."

रान

आता हे खरं सांगायचं होतं.

सुगुणा एका संशोधनाच्या संस्थेत काम करते. संस्थेच्या आवारातच रान आहे, भर शहरात. भिंतीबाहेर बसचे हॉर्न, आत हरणं! ठिपक्यांची हरणं गेटापासून हाकेच्या अंतरावर बसलेली आणि कुणी त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. वड, चिंच, करंज, कडुनिंब, मधूनच ताड, आणि खाली काटेरी झुडपांचं जाळं. आपल्या सह्याद्रीतल्यासारखं उंच, ओलं रान नव्हे. बुटकं, दाट, कोरडं. वारा आला की समुद्राचा खारट वास यायचा.

आणि खाली पाला. घोट्याएवढा. कुजका, ओला, वाळका, एकावर एक. पाय टाकला की आतनं काहीतरी सरकायचं. माझ्या अंगावर काटाच आला.

तिचं काम काय ते तिनं चालता चालता सांगितलं. झाडांचं नत्र कुठनं येतं आणि कुठं जातं, ते ती मोजते. नत्र मला ठाऊक होतं. युरियाच्या पोत्यावर लिहिलेलं असतं आणि शेतकऱ्याच्या तोंडात दिवसभर असतं. मी विचारलं, "इथं युरिया कोण टाकतं?"

"कोणीच नाही."

"मग एवढी हिरवी कशी?"

ती थांबली आणि एका झाडाकडं बोट केलं. अड्यार नदी समुद्राला मिळते तिथली खाडी जवळच. बगळे दिवसभर खाडीत मासे खातात आणि झोपायला या झाडावर येतात. खाली सगळं पांढरं झालेलं, नाक धरावं असा वास. "हें माशांचें नत्र," ती म्हणाली. "समुद्रांतून झाडावर आलें." मग हरणांच्या लेंड्या दाखवल्या: गवत तिकडचं, लेंडी इकडं, म्हणजे नत्र चालत आलं. करंजाच्या मुळाशी माती उकरून गाठी दाखवल्या, आपल्याकडं भुईमुगाला असतात तशाच. त्या गाठींत डोळ्याला न दिसणारे जीव राहतात. हवेत नत्र मायंदाळ आहे, पण झाडाला ते तसं घेता येत नाही. हे जीव ते बांधून झाडाला देतात.

"आणि पान पिवळें होतें ना मामंजी, तेव्हां झाड त्यांतलें नत्र आधीं परत ओढून घेतें. मग पान टाकतें. जें राहिलें तें खालीं. वाळवी खाते, बुरशी खाते, किडे खातात, त्यांचें होतें तें परत मुळास. एकच दाणा कितीक वेळ वरखालीं फिरतो, कोण जाणें."

मी ऐकत होतो, पण माझं लक्ष पाल्याकडं. तिनं जागोजागी दोऱ्या बांधून चौकोन आखलेले. काही चौकोनांवर पडलेली पानं टिपायला जाळ्या टांगलेल्या, काही नुसतेच. म्हणाली, या चौकोनांना कुणी हात लावत नाही, फक्त ती येऊन बघते, मोजते. दोन पावसाळे झाले.

"हात लावत नाही म्हणूनच एवढी घाण झालीय," मी म्हणलं. ती पुढच्या चौकोनाकडं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशीही मी तिच्याबरोबर गेलो. घरात करमत नव्हतं. सकाळी पारूबाई म्हणाली होती की आणखी दोन पानं गळली. सुगुणाला आत काहीतरी बैठक होती. मला एका बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि गेली.

मी बसलो. उठलो. परत बसलो. गेटापाशी खराटा टेकवून ठेवलेला दिसला. पहारेकऱ्याला खुणेनं विचारलं, घेऊ का? त्यानं मान हलवली. तिथली माणसं मान अशी हलवतात की हो म्हणतात का नाही हे आपल्याला कळत नाही. मी हो धरलं.

पोरीनं एवढी दोरी बांधून जागा आखलीय, आणि झाडायला कुणी नाही. बाईमाणूस कामातून वेळ कुठनं काढणार. म्हणलं, एक चौकोन तरी चकाचक करून दाखवावा. कडेपासनं सुरुवात केली. वरचा वाळका पाला गेला, मग खालचा ओला. खालून पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी जाळं निघालं, तेही खरवडलं. पैसा म्हणतात ते किडे वेटोळी करून पडले, ते पानावर घेऊन लांब टाकले. तळाची काळी माती दिसेपर्यंत झाडलं. पाल्याचा ढीग केला. खरं सांगतो, इंदू गेल्यापासनं एवढं बरं मला वाटलं नव्हतं. खिशात काडेपेटी होती, पेटवणारच होतो.

"मामंजी!"

मी वळलो. सुगुणा दोरीच्या पलीकडं उभी. हातातला डबा तिनं खाली ठेवला, का पडला, माहीत नाही.

"अय्यो, काय केलां तुम्ही हें?"

"झाडलं. बघ की, कसं—"

मग ती तमिळमधे बोलायला लागली. मोठ्यानं. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. पहारेकरी आला, तोही तिचं तोंड बघून मागं सरला. शेवटी तिनं मराठी काढली.

"दोन वर्षें! दोन वर्षें हा चौकोन मी सांभाळला. आतां हा गेला. पुनः पहिल्यापासून. तुम्ही झाडाच्या तोंडांतला घास काढून टाकलां. कोणी सांगितलें तुम्हास?"

मी म्हणलं, "सासऱ्याशी असं बोलतात?"

"सुनेच्या कामास असें करतात?"

मी खाली बघितलं. त्या रानात सगळीकडं पाला, आणि मधे तेवढीच जागा उघडी, काळी. आणि ती जागा कुठंतरी बघितल्यासारखी वाटली. परड्यातली. बुंध्याजवळची ताटाएवढी माती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्या आंब्याचं तोंडही मी असंच रिकामं केलंय काय?"

तिनं नजर काढून घेतली आणि खालचा डबा उचलला. विलासनं तिला झाडाचं सांगितलं असणार. पिवळं पडतंय हेही सांगितलं असणार. आता मला कळलं, तिला पहिल्यापासनं माहीत होतं आणि म्हाताऱ्याला कसं सांगावं म्हणून ती थांबली होती.

"बोल," मी म्हणलं. "मी काय लहान नाही."

ती बाकावर बसली, मलाही बसवलं. पारावर काय काय केलं ते सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. सिमेंट, कोबा, धुणं, चाळलेली राख. ती मान हलवत होती, आणि या वेळी ती नाही म्हणत होती हे मला बरोबर कळलं.

"राखेमुळें आणि सिमेंटामुळें माती चुन्यासारखी झाली. तशा मातींत झाडास खायला येत नाही. वर पाला तुम्ही राहूं देत नाही. मग तें खाईल काय?"

"राखेत असतं की नाही? तिच्या." मी म्हणलं. "तिची रक्षा सगळी त्यातच घातलीय."

ती हाताची बोटं मोडत बसली. दोन हरणं आमच्यासमोरनं निवांत चालत गेली.

"मामंजी, नका विचारूं."

"विचारलं."

"राखेंत नत्र नसतें," ती हळू म्हणाली. "आगींत तें रहात नाही. हाडांचा चुना राहतो, लाकडाचा क्षार राहतो. नत्र धुरासंगें जातें. वर."

"वर कुठं?"

"हवेंत. थोडें पावसासंगें लागलीच खालीं येतें. बाकी हवेंत मिसळतें. तें परत कधीं, कुठें येईल, कोणास सांगतां यायचें नाही."

"म्हणजे त्या झाडात ती नाही."

ती रडायला लागली. मी नाही. मला कुणीतरी पाठीत धपाटा घालावा तसं झालेलं. उठलो, ढिगातला पाला दोन्ही हातांनी उचलून चौकोनात टाकायला लागलो. ती म्हणाली, "राहूं द्या, तसा तो पुनः होत नाही." तरी मी टाकत राहिलो. मग तीही उठली आणि टाकायला लागली. तिच्या मोजमापाला त्याचा काही उपयोग नव्हता हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

किनाऱ्यावर

संध्याकाळी घरात बसवेना म्हणून समुद्रावर गेलो, चालत. बेसंट नगरचा किनारा घरापासनं फार लांब नाही. वाळूवर गर्दी, पोरं फुगे फोडतायत, सुंडल म्हणून उकडलेले हरभरे कागदात विकतात, वर खोबरं आणि कैरीचे तुकडे. घेतले, दोन घास खाल्ले, कैरी दिसली आणि पुडी तशीच हातात धरून फिरत राहिलो. किनाऱ्याच्या या टोकापासनं त्या टोकाला गेलो, परत आलो. लाट येऊन पायाखालची वाळू काढून न्यायची. उभंही राहू देत नव्हता तो समुद्र.

विलास शोधत आला. त्याला सुगुणानं सगळं सांगितलं होतं.

"तिचा एक चौकोन मी घालवला," मी म्हणलं.

"ती म्हणाली, चौकोन पुन्हा मांडीन. दोन वर्षं जातील, पण मांडीन. चिडलीय अजून. चिडूदे." आमच्या विलासला लहानपणापासनं कमी बोलायची सवय. मग तो आपणहून म्हणाला, "तात्या, त्या दिवशी धूर कुठं गेला होता, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. त्या दिवशीचं मला फक्त लाकडं ओली होती एवढंच आठवतं.

"गावाकडं आला होता," तो म्हणाला. "नेहमी ओढ्याकडं जातो. त्या दिवशी वारा फिरला आणि सगळा गावावर आला. माझ्या शर्टाला वास होता. आणि दुसऱ्या दिवशी पाऊस."

मी थांबलो. "शर्ट कुठंय तो?"

"धुतला, तात्या."

"बरोबर," मी म्हणलं. धुवायचाच असतो.

विलासचा विचार मी कायमचंच तिकडं राहावं असा होता. घर बंद करून टाकू म्हणत होता. मी म्हणलं, मला उद्याच्या गाडीनं घालव. तो म्हणाला, "झाडासाठी?" मी म्हणलं, "झाड जगतंय का ते बघायला पाहिजे." त्यात ती नाही हे कळल्यावर झाडावरची माझी माया कमी व्हायला पाहिजे होती. पण झाली नाही. उलट त्या कलमाची दयाच आली. त्याचा काय दोष? कुणाची तरी समाधी म्हणून त्याला उभं केलं आणि उपाशी ठेवलं.

निघताना सुगुणा पाया पडली. नजर अजून वाकडीच होती. म्हणाली, "पार फोडा. वडाखालचा कुजका पाला आणून घाला. राख नको. आणि मामंजी, हात लावूं नका. राहूं द्या त्यास." विहीणबाईंनी डांगराचं पीठ बांधून दिलं.

परड्यात

घरी पोचलो तो सकाळची वेळ. पिशवी ओसरीवर टाकली आणि तसाच मागं गेलो. आंबा उभा होता. खालच्या निम्म्या फांद्या रिकाम्या, शेंड्याला पिवळी पानं. पार मात्र चकाचक. पारूबाईनं माझ्यापेक्षा जास्त झाडला होता. एका पानाचा मागमूस नाही.

हत्याराची पेटी काढली. छिन्नी आणि हातोडा घेतला. एवढा पक्का कोबा मी दुसऱ्याच्या घरी कधी केला नव्हता, त्यामुळं पहिला टवका निघायला फार वेळ लागला. आवाज ऐकून पारूबाई कुंपणावरनं डोकावली. मग पळतच आली, हाताला पीठ तसंच.

"आवं तात्या! काय करताय? वैनींची जागा फोडताय? तिकडं जाऊन डोकं फिरलं का काय तुमचं?"

"ती इथं नाही," मी म्हणलं.

"न्हाई म्हंजे? मी सवता खड्ड्यात हळदकुंकू टाकलंय."

हातोडा खाली ठेवून मी तिला सांगितलं. मला जमलं तसं. पालाही सांगितला, बगळे सांगितले, राखेचं सांगितलं. धूर ओढ्याकडं न जाता गावावर आला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, म्हणजे थोडी ती इथंच पडली, कुणाच्या परसात, कुणाच्या शेवग्यावर, कुणाच्या कौलांवर. बाकीची हवेत आहे, आणि कुठं उतरेल ते माझ्या सुनेलाही सांगता येत नाही.

पारूबाई मधेच हसेल असं मला वाटलं होतं. जन्मभर माझी चेष्टा करत आलीय. पण तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"त्या दिवशी धूर आला तवा माझी कापडं दोरीवर हुती," ती म्हणाली. "वास लागंल म्हणून मी भराभरा आत घेतली." थोड्या वेळानं म्हणाली, "घ्यायला नको हुती."

मी म्हणलं, "असू दे. तुला काय ठाऊक."

ती पारापलीकडं जाऊन बसली आणि फुटलेले टवके गोळा करून पदरात घ्यायला लागली. मी छिन्नी दुसऱ्या बाजूला लावली.